सांध्यावर तोडणारे काका

दोह्यातल्या नोकरीच्या पहिल्याच दिवशी माझ्या नावावर आक्षेप घेतला तो कंपनीच्या ड्रायव्हरने. अल सद्दमधल्या आमच्या बिल्डिंगखाली मी व्हॅनची वाट बघत उभी होते. गळ्यात नवंकोरं ओळखपत्र होतं. व्हॅन थांबली आणि सुतळीने कानामागे बांधलेला चष्मा लावलेले, पंचावन्नच्या पुढचे एक गृहस्थ खाली उतरले. माझ्या तोंडाकडे न बघता ते ओळखपत्र वाचत राहिले.

"ताई, ह्यातलं माहेरचं आडनाव कुठलं आणि सासरचं कुठलं?"

मी सांगितलं.

"मग मधी मोकळी जागा कशापायी ठेवलीय? आडवी रेघ मारा. असं ठेवलं तर वाटतंय, दोन बायका एका कार्डावर कामाला लागल्यात."

मी पुण्याची, इंजिनिअर, त्यात नवी. ड्रायव्हरने आपलं व्याकरण काढावं हे मला काही रुचलं नाही. मी मागे बसले. अल वक्राच्या ऑफिसपर्यंत ते आरशातून माझ्याकडे नाही, ओळखपत्राकडे बघत होते. दुसऱ्या दिवशी मी पेनाने आडवी रेघ मारली. तिसऱ्या दिवशी त्यांनी व्हॅनचं दार स्वतः उघडून दिलं.

ऑफिसात सगळे त्यांना हायफन काका म्हणत. आमची कंपनी नॉर्वेच्या एका कंपनीला गाड्यांचे आणि यंत्रांचे सुटे भाग आणि कामाच्या जागेवर लावायच्या पाट्या पुरवत असे. माझं काम कॅटलॉग तयार करण्याचं. इंग्रजी, अरबी आणि नॉर्वेजियन, तिन्ही भाषांत. पैकी तिसरी भाषा ऑफिसात कुणालाच येत नव्हती. मजकूर तिकडून यायचा, मी तो पानात बसवायचे आणि देवाचं नाव घेऊन पाठवून द्यायचे.

काका मूळचे कराडकडचे. तरुणपणी तालुक्याच्या छापखान्यात खिळे जुळवायचे, म्हणजे शिशाचं एकेक अक्षर उचलून ओळीत बसवायचं. लग्नपत्रिका ही त्यांची खासियत. एकदा एका पत्रिकेत 'कृपया आहेर आणू' इथे जागा संपली आणि 'नये' हा शब्द त्यांनी पाठीमागे टाकला. पत्रिका पाठीमागून कोण वाचतो? गावाने भांड्यांचा ढीग आणला. वधूपिता आधी काठी घेऊन छापखान्यात आला आणि चार दिवसांनी पेढे घेऊन आला. "त्या दिवशी मला कळलं," काका सांगत, "शब्द काय हाय त्याला किंमत न्हाई. कुठं तुटला त्याला किंमत हाय."

पुढे छापखान्यात कॉम्प्युटर आला, खिळे भंगारात गेले आणि काका कतारला ड्रायव्हर म्हणून आले. इथे त्यांच्या वाट्याला नॉर्वेचे इंजिनिअर आले. एअरपोर्टवरून आणायचं, पोचवायचं. ही माणसं गाडीत एक अक्षर बोलत नसत, मात्र उतरताना वर्तमानपत्र सीटवर टाकून जात. एका दुपारी काकांनी सहज ते उघडलं आणि एकच शब्द अख्खी ओळ खाऊन खालच्या ओळीत उतरलेला त्यांना दिसला. मध्ये छोटीशी आडवी रेघ.

"ताई, मी गाडी कडेला घेतली. एवढा मोठा शब्द, आन् कसा तोडला होता! बरोबर सांध्यावर. कोंबडी तोडताना सुरी सांध्यात गेली की हात हलका होतो बघा, तसं वाटलं. हाडावर घाव घातला की नुसता कचरा."

मग एका म्हाताऱ्या इंजिनिअरने मायदेशी जाताना त्यांना एक जुना शब्दकोश आणि शाळेचं शुद्धलेखनाचं पुस्तक दिलं. ही दोन पुस्तकं व्हॅनच्या कप्प्यात, मालकाच्या कागदपत्रांच्या वर असत. सिग्नलला गाडी थांबली की काका वाचायचे. हिरवा दिवा लागून मागचे हॉर्न वाजवू लागले तरी शांतपणे म्हणायचे, "थांबा जरा, ओळ संपू दे."

रोज जाता-येता मला शिकवणी होऊ लागली. मी मागितली नव्हती. नॉर्वेची माणसं शब्दाला शब्द जोडत जातात, हे मला व्हॅनमध्ये कळलं. आपल्याकडे समास असतो तसाच, पण आपण दोन-तीन शब्दांवर दमतो, ते दमत नाहीत. धूळ आणि ओढणारा जोडले की घर झाडायचं यंत्र. आजारी आणि घर जोडले की इस्पितळ. आणि जोडायचं म्हणजे जोडायचंच. मध्ये जागा सोडली की अर्थ पळाला.

"आपल्यात न्हाई का," काका म्हणाले, "पायपुसणं जोडून लिवलं तर ती वस्तू. तोडून लिवलं तर ते काम. सुनेला चिठ्ठी ठिवताना सासूनं जपून लिवावं."

तोडायचे नियमही होते. साधा शब्द असेल तर शेवटचं एक व्यंजन खालच्या ओळीला द्यायचं, बाकीची वर ठेवायची. जोडशब्द असेल तर हा नियम विसरायचा आणि जिथे जोडला तिथेच तोडायचा. कधी दोन शब्दांच्या मध्ये एक 'एस' येऊन बसतो, निव्वळ जोडण्यापुरता. सेफ्टी व्हॉल्व्हला ते म्हणतात सिक्केरहेट्सव्हेंटिल, त्यातला मधला. "हा एस म्हंजे सोयरीक जुळवणारा," काका सांगत. "पण तोडायची पाळी आली की तो वरच्या घरात ऱ्हातो. पोरीकडचा माणूस."

त्यांचा सगळ्यात लाडका नियम तीन सारख्या अक्षरांचा. 'बस' या शब्दाला तिकडे शेवटी दोन एस. 'स्टॉप'ला सुरुवातीला एक. जोडले की तीन होतात, आणि तीन सारखी व्यंजनं शेजारी चालत नाहीत, म्हणून एकाला रजेवर पाठवतात. पण ओळ संपली आणि शब्द मधोमध तुटला, की रजेवरचा एस पुन्हा हजर. दोन वरच्या ओळीत, एक खालच्या.

काका अल नस्रमध्ये एका फ्लॅटवर सहा जणांबरोबर राहायचे, त्यांतले तिघे पाटील. हा नियम वाचल्यावर त्यांनी तिसऱ्या पाटलाची गादी खोलीतून उचलून हॉलमध्ये टाकली. तिसरे पाटील सुतार होते, सांगलीकडचे, धिप्पाड. त्यांनी कारण विचारलं. काकांनी पुस्तकातलं पान दाखवलं. छापलेलं आहे म्हटल्यावर पाटलांनी ते मानलं. हॉलमध्ये एसी जास्त चांगला होता, हे दोघांनीही इतरांना सांगितलं नाही.

हे सगळं मी गंमत म्हणून ऐकत होते. मग एकदा कॅटलॉगच्या कच्च्या छपाईचे कागद मी व्हॅनमध्ये विसरले. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी ते परत दिले. पानापानावर नखाने खुणा केल्या होत्या.

"ताई, हे गाडीच्या सुट्या भागांचं पुस्तक हाय ना?"

"हो."

"मग चित्र कशापायी हसतंय?"

गाडीचे भाग याला त्यांचा शब्द बिलदेलेर. बिल म्हणजे गाडी, देलेर म्हणजे भाग. आमच्या सॉफ्टवेअरने ओळीच्या शेवटी तो बिलदे आणि लेर असा तोडला होता. बिलदे म्हणजे चित्र आणि लेर म्हणजे हसतं. अठ्ठावीस पानांवर चित्र हसत होतं.

मी विश्वास ठेवला नाही. तरी काकांच्या खुणांप्रमाणे सगळं सुधारलं आणि पाठवलं. नॉर्वेहून चार ओळींचं उत्तर आलं. इतकी वर्षं तुमच्या कॅटलॉगवर आम्ही हसतो, या वेळी हसता आलं नाही, कुणी तपासलं?

आमचे मॅनेजर साहेब नाशिकचे. ते माझ्या टेबलाशी आले. "कोणी केलं हे?"

आणि मी म्हणाले, "मी."

का म्हणाले कोण जाणे. नोकरी अजून कायम झाली नव्हती, एवढं खरं. पुढचं वर्षभर काका नखाने खुणा करत राहिले आणि मी त्या माझ्या म्हणून पाठवत राहिले. मला कायम केलं गेलं, केक कापला. काकांनाही एक तुकडा नेऊन दिला. त्यांनी तो खाल्ला आणि विचारलं, "कशाचा?" मी म्हणाले, "असाच."

वर्षाने मला वाटायला लागलं की मला आता येतं. त्याच सुमारास नॉर्वेहून तपासणीला एक बाई येणार होत्या, आणि त्याआधी चाळीस पाट्या बनवून गोदामात लावायच्या होत्या. धूम्रपान मनाई. तिकडच्या भाषेत रॉइकफ्रिट, म्हणजे धूरमुक्त. पाटी बनवणाऱ्याने नमुना पाठवला, मी घाईत बघून मंजूर केला. काकांना दाखवला नाही. नमुन्याची पाटी साहेबांनी हौसेने कॉन्फरन्स रूमच्या दाराबाहेर स्वतः लावली.

बुधवारी सकाळी उरलेल्या एकोणचाळीस पाट्या व्हॅनमध्ये चढल्या. गोदाम दहा मिनिटांवर. काका मात्र व्हॅन चालू करायचं सोडून वर आले.

"साहेब, ह्या पाट्या मी न्हेणार न्हाई."

"का? जड आहेत?"

"चुकल्यात. पाटी अरुंद हाय म्हणून त्यानं रॉइक वर लिवलंय आणि फ्रिट खाली. मधी रेघ न्हाई. दोन शब्द झाले. ह्याचा अर्थ होतो, खुशाल ओढा."

साहेबांनी पाटी बघितली. "अहो काका, अक्षरं तीच आहेत ना? खाली इंग्रजीत नो स्मोकिंग लिहिलंय, त्याच्याखाली अरबीत लिहिलंय. मॅडमनी ॲप्रूव्ह केलंय. यल्ला, निघा, डिलिव्हर करा."

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी कॉम्प्युटरकडे बघितलं. काका बरोबर आहेत म्हटलं असतं, तर मी मंजूर कसं केलं हा प्रश्न आला असता, आणि त्यामागून बाकीचेही.

"इन्शाल्ला," काका म्हणाले आणि खाली गेले.

दोन तासांनी गोदामातून फोन आला, पाट्या आल्या नाहीत. काकांचा फोन बंद. साहेबांचा पारा चढला. कंपनीची व्हॅन, कंपनीचा माल, ड्रायव्हर गायब. दुपारी त्यांनी मला विचारलं, "तुमच्याशी गप्पा मारतात ना ते? कुठे असतील?" मी टॅक्सी करून अल नस्रला गेले.

फ्लॅटचं दार उघडंच होतं. हॉलमध्ये पेपर पसरून त्यावर पाट्या मांडल्या होत्या. काका मांडी घालून बसले होते, समोर लाल चिकटपट्टीची चार रिळं. तिन्ही पाटील शिफ्ट संपवून आलेले. एक पट्टी कापत होता, दुसरा पाटीवरची धूळ पुसत होता आणि तिसरा, सुतार पाटील, फूटपट्टी लावून प्रत्येक रेघ रॉइकच्या पुढे अक्षराच्या बरोबर मध्यावर येतेय का ते बघत होता.

"ताई, चपला बाहेर," काका म्हणाले.

"काका, साहेब तुम्हाला काढून टाकतील."

"टाकू देत. गोदामात तेलाचे डबे हायेत. उद्या कोण नॉर्वेवाला आला आणि पाटी वाचून बिडी शिलगावली तर? काय म्हणायचं त्याला, खालचं इंग्रजी का न्हाई वाचलंस? माणूस आधी आपली भाषा वाचतो."

मी चपला काढल्या आणि बसले. शेवटच्या अकरा पाट्यांच्या रेघा मी कापल्या. सुतार पाटलांनी त्यातल्या चार वाकड्या म्हणून परत केल्या. मध्येच मी म्हणाले, "काका, तुमच्या खुणा मी वर्षभर माझ्या नावावर पाठवल्या."

"ठाव हाय की. केक मीच आणलेला. वर तुमचं नाव होतं, क्रीमनं लिवलेलं. आडनावात रेघ न्हवती, ते तेवढं खटकलं."

पाट्या संध्याकाळी गोदामात लागल्या. गुरुवारी साहेबांनी काकांना काढून टाकल्याचं पत्र टाइप करून ठेवलं. गाडीचा गैरवापर, आदेश न पाळणे. तपासणी झाली की द्यायचं ठरलं, कारण बाईंना एअरपोर्टवरून आणायला दुसरा ड्रायव्हर नव्हता.

रविवारी बाई आल्या. साठीच्या, उंच, पांढरे केस आखूड कापलेले. साहेब त्यांना कॉन्फरन्स रूमकडे घेऊन निघाले. दाराशी त्या थांबल्या. पाटी वाचली. मग पर्समधून सिगरेटचं पाकीट काढलं, एक सिगरेट ओठात धरली आणि लायटर शोधू लागल्या.

"मॅडम," साहेब घाईने म्हणाले, "इथे नो स्मोकिंग आहे."

"पण मला तर आग्रह करताय तुम्ही," बाई इंग्रजीत म्हणाल्या. चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. "माझ्या भाषेत, मोठ्या अक्षरांत. मुक्तपणे ओढा. पंधरा वर्षांपूर्वी सोडली होती मी. हे पाकीट माझ्या भावाने तुमच्या एअरपोर्टवरून आणायला सांगितलंय. पण तुम्ही इतकं म्हणताय तर…"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. घाम एसीतही दिसतो.

"गोदामातल्या पाट्या बघायच्या आहेत," बाई म्हणाल्या.

आम्ही गेलो. बाई एका पाटीपुढे थांबल्या, दुसऱ्या, तिसऱ्या. बोटाने लाल रेघ चाचपली. एकूणएक पाटीवर रेघ.

"हे कुणी केलं?"

"आमच्या क्वालिटी डिपार्टमेंटने," साहेब म्हणाले. त्यांच्या हजरजबाबीपणाला तोड नव्हती.

"भेटू शकते मी त्यांना?"

आता मला बोलावंच लागलं. "क्वालिटी डिपार्टमेंट बाहेर व्हॅनमध्ये बसलंय," मी म्हणाले. "कॅटलॉगही वर्षभर त्यांनीच तपासलेत. नाव मी माझं लावलं. आणि दारावरची पाटी मी मंजूर केली."

साहेबांकडे बोलण्यासारखं बरंच होतं, पण परक्या बाई उभ्या होत्या.

काकांना बोलावलं. चष्मा सावरत ते आले. बाईंना एवढा आनंद झाला की त्या नॉर्वेजियनमध्ये भडाभडा बोलू लागल्या. मिनिटभर बोलल्या. काका अदबीने ऐकत राहिले आणि मग म्हणाले, "सॉरी मॅडम. नो अंडरस्टँड. पेपर प्लीज."

एक शब्दही त्यांना कळला नव्हता. गाडीत कुणी कधी बोललंच नाही, तर ऐकू कुठून येणार? त्यांची सगळी नॉर्वेजियन कागदावरची होती.

बाईंनी वहीत एक शब्द लिहिला. रात्रीची रेल्वे. रात्रीला शेवटी दोन टी, रेल्वेला सुरुवातीला एक, आणि जोडून लिहिल्यावर दोनच उरलेले. काकांनी पेन घेतलं. शब्द दोन ओळींत लिहिला, मध्ये रेघ मारली आणि तिसरा टी खालच्या ओळीत परत आणला. "दिस वन ऑन लीव्ह," त्यांनी बोट ठेवून सांगितलं. "नाऊ बॅक ऑन ड्यूटी."

बाईंनी ते पान फाडून पर्समध्ये ठेवलं. "माझ्या नातवाला येत नाही हे," त्या म्हणाल्या.

जाताना त्यांनी अहवालात लिहिलं की पाट्यांची तपासणी असामान्य दर्जाची आहे. साहेबांनी टाइप केलेलं पत्र फाडलं आणि काकांना आत बोलावलं. टेबल देतो, कॉम्प्युटर देतो, भाषा तपासनीस म्हणून बसा. काका नको म्हणाले. "साहेब, खुर्चीवर बसलो की ई-मेल दिसत्यात. व्हॅनमधी शब्द दिसत्यात." त्यापेक्षा सुट्या भागांच्या कॅटलॉगवर त्यांचं नाव छापावं, एवढं त्यांनी मागितलं. मीच पान लावलं. नाव लांबलचक होतं, वडिलांच्या नावासकट. एका ओळीत मावत नव्हतं. तोडायचं कुठे, हे मी त्यांना तीनदा विचारून घेतलं.

मलाही साहेबांनी आत बोलावलं. तिथे काय झालं ते सांगत नाही. कानउघाडणी हा जोडशब्द आहे, एवढं सांगते.

दोन वर्षांनी काकांनी स्वतःच नोकरी सोडली. वय झालं होतं, सिग्नलवर अक्षरं धूसर दिसू लागली होती. त्या दिवशी एचआरमध्ये कागद भरायला मी त्यांच्याबरोबर गेले. फॉर्म इंग्रजीत. टेबलामागे नवीन आलेली फिलिपिनो मुलगी होती. सगळ्या रकान्यांत काकांनी सरळ अक्षरात लिहिलं. 'नोकरी सोडण्याचे कारण' या रकान्याशी थांबले. चौकोन लहान होता. पेन हातात धरून ते बराच वेळ त्याची रुंदी बघत बसले. मग वरच्या ओळीत एक तुकडा लिहिला, रेघ मारली, खालच्या ओळीत दुसरा तुकडा लिहिला. येमलेंगसेल. येम म्हणजे घर. लेंगसेल म्हणजे ओढ.

मुलीने फॉर्म फिरवून बघितला, पुन्हा सरळ केला.

"सर, हा आजार आहे का?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. मग तिच्याकडे वळून अगदी गंभीरपणे मान हलवली. "व्हेरी ओल्ड," ते म्हणाले. "होल रूम हॅज."

तिने 'वैद्यकीय कारण' या चौकोनात टिक केली आणि खुर्ची जराशी मागे घेतली.